साठ घनमीटर पाणी

सागवानी काठीवरची ओली रेघ काठी टाकीतून बाहेर काढल्याबरोबर वाचावी लागते. थोडा वेळ ती कापल्यासारखी सरळ दिसते. मग लाकडाच्या रेषांमधून पाणी वर चढायला लागतं, रेघेला दात फुटतात आणि बोटभराचा फरक सहज पडतो.

क्षितिजाने हे पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अनेकदा पाहिलं होतं. खाली, स्नेहदीप सोसायटीच्या जमिनीतल्या टाकीपाशी, तिचे सासरे दत्ताराम परब काठी आडवी धरून चष्म्याजवळ नेत होते. टँकर रिकामा झाला होता, पाइप गुंडाळला जात होता. टँकर यायच्या आधी एकदा काठी बुडवायची, रिकामा झाल्यावर पुन्हा एकदा, आणि दोन रेघांमधलं अंतर घ्यायचं, ही त्यांची पद्धत. पूनम सागरमधल्या बाकीच्या सोसायट्यांत टँकरवाला सांगेल तेवढं पाणी. इथे परबकाका सांगतील तेवढं.

"एक्केचाळीस सेंटीमीटर," ते म्हणाले. खालून आवाज स्वच्छ येत होता. "टाकी सहा बाय चार. चोवीस गुणिले शून्य पूर्णांक एक्केचाळीस. नऊ पूर्णांक चौऱ्याऐंशी घनमीटर."

वर कणीक मळताना क्षितिजाने तोच गुणाकार मनात केला होता. बरोबर होता.

"म्हणजे नऊशे चौऱ्याऐंशी लिटर," दत्ताराम म्हणाले.

तिचे हात परातीत थांबले.

"काय मस्करी करताव, काका?" टँकरवाला सदू हसला. घोडबंदरच्या विहिरीवरून पाणी आणणारा हा माणूस सोसायटीला नवा नव्हता. "नवशे लिटर तं माझ्या घरच्या काल्या टाकीत मावतान."

"मस्करी? दहा हजार लिटर सांगून हजार लिटरसुद्धा टाकत नाहीस आणि मस्करी मी करतोय?"

"पुरा खाली केलाय, बगा ना डोल्यांनी. मी काय चोर हाय?"

एवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी पराग बाइकची किल्ली फिरवत जिन्यातून आला. "काय झालं, काका?"

"हजार लिटरसुद्धा नाही टाकलं याने."

"सदू, काकांचं गणित कधी चुकत नाही," पराग म्हणाला. "पाणी खात्यात आयुष्य गेलंय त्यांचं. तू खरं सांग, मधे कुठे थांबला होतास?"

"परागशेठ, तुमी पन?" सदूने गुंडाळलेला पाइप जमिनीवर आपटला. "मंग मी न्हाय यायचा परत. बगा दुसरा कोन येतोय या उन्हात."

क्षितिजा कणकेचे हात घेऊन जिना उतरली. उतरताना काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. खाली पोहोचल्यावर तोंडातून निघालं, "बाबा, दुसऱ्यांदा बुडवताना काठी तिरकी गेली असेल. मी वरून बघत होते. सदू, पाणी बरोबर आहे. दहा हजार आहे."

दत्तारामांनी काठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तिरकी गेली असेल," ते म्हणाले. "हो. तिरकीच गेली."

"मंग मला चोर कशाला बनवता?" सदू पुटपुटला, पण पाइप उचलून टँकरवर टाकला. पराग बाइकला किक मारून निघून गेला. भांडण मिटलं.

वर येऊन क्षितिजाने पुन्हा परातीत हात घातला आणि तसाच ठेवला. काठी तिरकी गेली तर ओली लांबी वाढते. आकडा वाढतो, घटत नाही. आणि काठी कितीही तिरकी करा, दहापटीचा फरक तिच्यात मावत नाही. ती जे बोलली होती ते साफ चुकीचं होतं. पूर्वीचे बाबा असते तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हणाले असते, "एमएस्सी झालीस ना गं? तिरक्या काठीने आकडा कुठे जातो, वर की खाली?" आणि सदूसमोर तिची फजिती केली असती.

त्यांना ते कळलं नव्हतं. कणीक सैल झाली होती. तिने त्यात आणखी पीठ घातलं, मग आणखी पाणी, आणि पोळ्या दोन दिवस पुरतील एवढ्या झाल्या.

*

तिला बघायला आले तेव्हा दत्ताराम मुंबईच्या पाणी खात्यात होते. गिरगावातल्या भाड्याच्या खोल्या सोडून परब कुटुंब नुकतंच मीरा रोडला आलं होतं. नवऱ्या मुलाची, कौस्तुभची, आई मनोरमाबाई मुलीला स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, हे विचारत होत्या. दत्ताराम पोहे खाऊन होईपर्यंत गप्प होते. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "एक दलघमी म्हणजे किती मेगालिटर?"

"हजार," क्षितिजा म्हणाली.

"आणि घन हेक्टोमीटर म्हटलं तर?"

"ते एकच. दशलक्ष घनमीटर म्हणा की घन हेक्टोमीटर म्हणा."

"अहो, मुलगी बघायला आलोय आपण," मनोरमाबाई म्हणाल्या, "पाइपलाइन टाकायला नाही."

सगळे हसले. दत्ताराम हसले नाहीत. त्यांना मुलगी पसंत पडली होती.

लग्नानंतर तो खेळ रोजचा झाला. सकाळी पेपरात धरणांच्या साठ्याचे आकडे यायचे, कुठे दलघमीमध्ये, कुठे दशलक्ष लिटरमध्ये. चहा पिता पिता ते एकातून दुसऱ्यात न्यायचे. दशलक्ष दोन्हीकडे, पण मधे हजाराचं अंतर. पेपरवाले ते कधी कधी विसरायचे आणि एखादं धरण छापताना हजारपट आटायचं. त्या दिवशी दत्ताराम फार खुशीत असायचे. सोसायटीतल्या मुलांना ते सांगायचे, "लांबीच्या जिन्यात पायरी दहाची. घनफळाच्या जिन्यात पायरी हजाराची. म्हणून पाय जपून टाकायचा." हेच ते मीटरच्या रीडिंगवरून भांडायला आलेल्या मोठ्या माणसांनाही सांगायचे. मोठ्यांना ते कमी समजायचं.

निवृत्त झाल्यावर सोसायटीचं पाणी आपोआप त्यांच्याकडे आलं. नगरपालिकेची महानगरपालिका झाली तरी पाणी एक दिवसाआडच राहिलं. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, टँकर कधी मागवायचा, वरच्या टाकीत किती चढवायचं, पाण्यात ब्लीचिंग पावडर किती टाकायची, सगळं तेच बघायचे. मनोरमाबाई गेल्या तेव्हा लोक भेटायला येत होते आणि दत्ताराम मधेच उठून टाकीत काठी बुडवायला जात होते. कोणी त्यांना अडवलं नाही.

क्षितिजा भाईंदरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. घरी आणि कामावर दोन्हीकडे पाणीच, असं कौस्तुभ चिडवायचा.

गेल्या हिवाळ्यात खेळात काहीतरी बदललं. "शंभर दलघमी म्हणजे किती दशलक्ष लिटर गं?" दत्तारामांनी एका सकाळी विचारलं.

"एक लाख, बाबा."

त्यांनी मान हलवली, पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. चहा संपायच्या आत तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने पुन्हा सांगितलं. या वेळी तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ती उत्तर देताना त्यांचे ओठ हलत होते, फोन नंबर लक्षात ठेवताना हलतात तसे.

ते परीक्षा घेत नव्हते. त्यांना माहीत नव्हतं, म्हणून विचारत होते.

त्यानंतर ती घरात स्वस्थ बसली नाही. भाजी चिरताना मधेच खिडकीशी जायची. कामावर नमुन्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना तिला वाटायचं, आत्ता तिकडे टाकीचं झाकण उघडलं असेल. एकदा दत्ताराम स्टेशनवरून येताना शेजारच्या इमारतीत शिरले आणि पहिल्या मजल्यावरच्या परक्या दाराला किल्ली लावत बसले. त्या घरातल्या बाईंनी हसत आणून सोडलं. "सगळ्या बिल्डिंगी सारख्याच रंगवल्यात, काकांचा काय दोष," त्या म्हणाल्या. क्षितिजाही हसली.

*

"तू पण ना," कौस्तुभ म्हणाला. टँकरच्या भांडणाची गोष्ट तिने त्याला त्याच संध्याकाळी गॅलरीत सांगितली होती. तो अंधेरीच्या बँकेतून नुकताच आला होता, बूटसुद्धा पायात होते. "पंच्याहत्तरीच्या माणसाचं एखादं शून्य इकडे तिकडे होणारच."

"पाण्यातलं शून्य इकडे तिकडे झालं तर चालत नाही, कौस्तुभ. माणसं ते पितात."

"आजपर्यंत कोणाला काही झालंय?"

"मी बघत असते म्हणून नाही झालं."

तो बुटाची नाडी सोडायला वाकला आणि वाकूनच राहिला. "आई गेल्यापासून तो माणूस सकाळी उठतो कशासाठी, सांग. टाकीसाठी. ती काढून घेतली तर दिवसभर टीव्हीसमोर बसवायचं का त्यांना?"

हे तिलाही माहीत होतं. इतके महिने ती गप्प होती ते याच्यासाठीच.

"डॉक्टरांना तरी दाखवू या."

"दाखवू. मी बोलतो त्यांच्याशी. रविवारी निवांत बोलतो."

रविवार आले आणि गेले. एकदा क्रिकेटची मॅच होती, एकदा पाहुणे. एकदा कौस्तुभ खरोखरच बाबांच्या शेजारी जाऊन बसला. दोघांनी पंख्याच्या आवाजाविषयी बराच वेळ चर्चा केली आणि तो उठून आला.

बोलणं जमत नव्हतं, म्हणून क्षितिजाने एक युक्ती काढली. ब्लीचिंग पावडरचं प्रमाण सोपं होतं: हजार लिटरला पाच ग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरला पन्नास. तिने प्रयोगशाळेतून येताना जाड प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या आणल्या, घरच्या काट्यावर पन्नास पन्नास ग्रॅमच्या पुड्या बांधल्या आणि झाकणाच्या मोठ्या डब्यात भरून ठेवल्या.

"हे काय?" दत्तारामांनी विचारलं.

"पुड्या, बाबा. एका टँकरला एक. दर वेळी वजन करत बसायला नको."

"मला पुड्या बांधून देतेस? मी काय बाळ आहे, औषध पाजायला?"

"मोकळी पावडर हवेत उडते. मला खोकला येतो."

हेही खोटंच होतं, पण चाललं. "एका टँकरला एक," ते म्हणाले आणि डबा टाकीशेजारच्या मोटरच्या खोलीत नेऊन ठेवला. पंप चालवणाऱ्या नाथालाही तिने बजावलं. "एका टँकरला एकच, लक्षात ठेव." नाथा म्हणाला, "वहिनी, काका असताना मी कशाला हात लावू?"

काही आठवडे बरे गेले. पाण्याला हवा तेवढाच वास यायचा. ती रोज नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन क्लोरीन तपासायचे थेंब टाकून बघायची. फिकट पिवळा रंग यायचा, हवा तसा. युक्ती चालतेय असं वाटून ती आणखी पुड्या बांधायची. डबा भरलेला असला की तिला बरं वाटायचं.

*

मे महिन्यात टाकी धुवायचा रविवार ठरला. वर्षातून एकदाच टाकी पूर्ण उपसून, घासून, काठोकाठ भरतात. बाकी दिवस ती कधीच भरत नाही. अर्धी झाली तरी लोक खूश असतात. एरवी टँकर येतो आणि पुडी पडते. त्या रविवारी मात्र पालिकेचं पाणी आणि लागोपाठचे टँकर मिळून सगळं एकत्र भरणार होतं. साठ घनमीटर. सहा पुड्या.

हे क्षितिजाने दत्तारामांना शनिवारी सांगितलं. "सहा, बाबा."

"मला येतं ते," ते म्हणाले.

रविवारी तिला जेसल पार्कला बहिणीकडे जायचं होतं. सुचेताकडे सत्यनारायण होता, टाळणं शक्य नव्हतं. "तू टाकीपाशी थांबशील?" तिने कौस्तुभला विचारलं. "पुड्या टाकताना समोर हवास."

"थांबतो गं. जा तू."

सुचेताकडे तिला बसवेना. प्रसाद घेतला, चहा अर्धा टाकला. "काय झालंय तुला? सारखी घड्याळ बघतेस," सुचेताने तिला दाराशी गाठलं. क्षितिजाने थोडक्यात सांगितलं. "मग बोलून टाक ना," सुचेता म्हणाली. "तुला बोलायला कौस्तुभ कशाला लागतो?"

"त्याचे वडील आहेत."

"पाणी तुम्हा सगळ्यांचं आहे."

रिक्षात बसल्यावर तिने पर्सचा बंद इतक्या वेळा उघडला आणि लावला की रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. रिक्षा पूनम सागरच्या कोपऱ्यावर वळली तसं तिने पुढे वाकून त्याला घाई करायला सांगितलं.

सोसायटीच्या फाटकातच वास आला. प्रयोगशाळेत बाटली फुटली की येतो तसा, घशाला लागणारा. मोटरच्या खोलीतून घरघर ऐकू येत होती. म्हणजे पाणी वर चढायला लागलं होतं.

"नाथा! मोटर बंद कर!"

नाथा दाराशी बिडी हातात घेऊन उभा होता. "काका बोलले चालू कर म्हणून..."

"बंद कर आधी. किती वेळ झाला?"

"दहाएक मिनिटं झाली असतील. वरच्या टाकीत थोडं गेलं असेल."

वरची टाकी धुण्यासाठी रिकामी केलेली होती. जे थोडं गेलं ते थेट नळांत येणार होतं. क्षितिजाच्या डोळ्यांसमोर तळमजल्यावरचं घर आलं. तिथल्या हंसाबेनची लेक बाळंतपणाला आली होती. बाळाला न्हाऊ घालायची वेळ हीच.

तिने हंसाबेनच्या दारावर थापा मारल्या. "हंसाबेन, बाळाला पाणी घालू नका! नळाचं पाणी नका घेऊ!"

दार उघडलं तेव्हा आतून गरम वाफ आणि तोच वास आला. हंसाबेनच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "अरे बेन, मैं भी वही बोल रही थी, आज पानी में क्या डाला है? बाई बाल्टी भरके बैठी है, मेरी आँख जलती है."

"बाळ कुठे आहे?"

"अंदर. अभी कपड़ा निकाला उसका."

क्षितिजा आत गेली. न्हाणीघरात मालीश करणारी बाई पाटावर पाय पसरून बसली होती, तेल लावलेलं बाळ पायांवर, तांब्या बादलीत बुडवलेला. क्षितिजाने बादली उचलून मोरीत ओतली. बाई ओरडली, बाळ रडायला लागलं, हंसाबेन काहीतरी गुजरातीत म्हणाल्या. क्षितिजाने बाळाला हात लावून पाहिला. अंगावर फक्त तेल होतं, पाण्याचा थेंब नव्हता.

"पिण्याच्या माठातलं पाणी गरम करा," ती म्हणाली. "कालचं. आजचं नको. आणि आधी खिडकी उघडा."

ती तशीच बाहेर आली. मोटरच्या खोलीत तिने डबा उघडला. डबा रिकामा होता. खाली फक्त पांढरा भुगा होता आणि एका कोपऱ्यात फाटलेल्या पिशव्यांचा ढीग.

"काकांनी सगळ्या टाकल्या," नाथा मागून म्हणाला. "साठ पाहिजेत, बोलले. एवढ्या नव्हत्याच, मग होत्या तेवढ्या टाकल्या."

साठ घनमीटर म्हणजे सहा लाख लिटर, असं झालं असणार. दहा हजाराला एक, म्हणजे साठ पुड्या. सदूच्या टँकरच्या वेळी एक शून्य कमी पडलं होतं. आज एक जास्त झालं होतं. क्षितिजा त्या फाटक्या पिशव्यांकडे बघत राहिली. प्रयोगशाळेत तिच्याकडे एक जुना काटा होता, तो नेहमी थोडं जास्त दाखवायचा. तेवढं वजा करून काम चालायचं. एकाच बाजूने चुकणारं यंत्र सांभाळता येतं. बाबा कधी या बाजूने, कधी त्या बाजूने चुकत होते. त्यांच्यामागे उभं राहून वजा किंवा बेरीज करता येणार नव्हती. आणि डबा भरून ठेवणारी तीच होती. मोकळी पावडर असती तर दोन-तीन किलो वजन करताना तरी त्यांना काही खटकलं असतं.

टाकीपाशी आता गर्दी जमली होती. कोणाच्या हातात रिकाम्या बादल्या, कोणाच्या डोळ्यांवर ओला रुमाल. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अर्धी दाढी करून खाली आले होते, गालावर साबण तसाच. "पानी है या ॲसिड?" ते म्हणाले.

"आता टाकी परत उपसायची का?" कोणीतरी विचारलं. "सगळं पाणी सोडून द्यायचं? या दिवसांत?"

दत्ताराम टाकीच्या झाकणाजवळ खुर्चीवर बसले होते, ताठ. कौस्तुभ त्यांच्यामागे उभा होता, हातात मोबाइल. क्षितिजाने त्याच्याकडे पाहिलं.

"बँकेतून फोन होता," तो हळूच म्हणाला. "दोन मिनिटं फाटकापाशी गेलो होतो. दोनच मिनिटं."

पराग पुढे आला. "काका, झालं काय नेमकं? तुमचा हिशेब तर..."

"माझा हिशेब बरोबर आहे," दत्ताराम म्हणाले. आवाज मोठा होता, पण हात मांड्यांवर घट्ट दाबलेले होते. "पुड्या मी बांधलेल्या नाहीत. पुड्या हिने बांधल्या. किती ग्रॅमच्या बांधल्या, काय बांधल्या, मला काय माहीत?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"अच्छा," पराग म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. "वहिनी, होतं हो असं. घाईत वजन चुकलं असेल. पुढच्या वेळी काकांना एकदा दाखवून घ्या."

"लॅबमध्ये काम करते ना ही?" अर्ध्या दाढीवाले गृहस्थ म्हणाले. "कमाल आहे."

कौस्तुभने तिच्याकडे पाहिलं. त्याने पापण्या मिटून किंचित मान हलवली. हो म्हण, घरी गेल्यावर बघू. ती नजर तिच्या ओळखीची होती. हो म्हणणं अगदी सोपं होतं. तिरक्या काठीइतकं सोपं. पाणी उपसून टाकतील, लोक संध्याकाळपर्यंत विसरतील, आणि उद्या सकाळी दत्ताराम पुन्हा झाकण उघडतील.

तळमजल्यावरच्या खिडकीत हंसाबेन बाळाला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. बाळ अजून हुंदके देत होतं.

दत्ताराम तिच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग होता, पण रागाच्या मागे दुसरं काहीतरी होतं. अंधारात जिन्यावर पाय टाकताना, पायरी आहे की नाही हे न कळणाऱ्या माणसाचं. तिने त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन गुडघे टेकले, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये.

"पुड्या बरोबर होत्या, बाबा," ती म्हणाली.

"मग मी चुकलो?"

"हो."

मागे कोणीतरी खाकरलं. कौस्तुभ म्हणाला, "क्षितिजा, आत्ता नको. घरी..."

"आत्ताच," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा खूप शांत निघाला, आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला. "बाबा, उद्यापासून टाकीचं झाकण तुम्ही उघडायचं नाही. पाणी मी बघणार. आणि मंगळवारी मी रजा घेणार आहे, आपण दोघं डॉक्टरांकडे जाणार आहोत."